रंग उन्हात बघावा

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

डोंगरीपाडा, ता. तलासरी
१० डिसेंबर २०१७

चि. सौ. संगीतास,

वहिनीचे आशीर्वाद. भात झोडून झालं, पेंढा रचला. तुझे दादा बरे आहेत, फक्त गुडघा धरतो.

घरात मोबाईल असून पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. टेकाडावर चढल्याशिवाय तो लागत नाही, आणि टेकाडावरून ओरडलेलं खाली विहिरीवर सगळ्या बायकांना ऐकू येतं. पत्र आमच्या शेजारच्या बायजीबरोबर पाठवते. ती भाजी घेऊन डहाणूच्या बाजारात येते. तिला वाचता येत नाही, तरी पाकीट खळीनं चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर कळव.

मागच्या बाजाराला बायजीनं आपल्या हर्षदाला एसटी स्टँडवर पाहिलं. बायजीचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "सोमी, तुझी पोरगी बोहाड्यात सोंग घ्यायला निघाली का? तोंड पांढरं, मान काळी, ओठ लाल!" चार बायका हसल्या, मीही हसले. घरी येऊन घास गोड लागला नाही.

कोसबाडला बालवाडीचं शिक्षण घेते म्हणून पोरगी तुझ्या घरी ठेवली. तीन-चार वर्षांच्या पोरांपुढं रंगून कशाला जायला हवं? पोरं काय स्थळ बघायला येतात? रंगणाऱ्याला बघणारा कोणीतरी असतो, एवढं मला मॅट्रिकपर्यंत न शिकताही कळलं असतं.

रानशेतची मंडळी होळीला तिला बघायला येणार आहेत. दसऱ्याला त्यांची बाई बोलून गेली, "पोरगी हुशार, पण रंगानं राहिली." ते माझ्या कानात आहे. त्यासाठी जे करायचं ते मी दिवाळीत देवीपुढं ठेवून, कुंकू लावून हर्षदाच्या हाती दिलंय. रोज श्रद्धेनं लावते का, तेवढं बघ. वर पिठं थापायची गरज नाही.

धाकटी निलम बरी. चौदावं लागलं. हल्ली चुलीपाशी बसायला सांगितलं की तोंड भाजतं म्हणते. कामचोर झालीय.

या कागदाची पाठ कोरी ठेवलीय. उत्तर तिच्यावर लिहिलंस तरी चालेल.

वाट बघणारी,
सोमी

---

डहाणू
१७ डिसेंबर २०१७

ती. सोमीवहिनीस,

संगीताचा साष्टांग नमस्कार. नव्या कागदावर लिहितेय, आधीच माफी मागते. पाकीट शाबूत होतं. बायजीनं मात्र ते देताना दारात बसून पाणी मागितलं, चहा मागितला आणि "पत्रात काय?" हेही मागितलं. मी म्हटलं, "दुधीची भाजी कशी करायची ते."

आता सोंगाची गोष्ट. तुझी लेक मैत्रिणीबरोबर दुकानात गेली. दुकानात ट्यूबलाईट. बाईनं तळहाताला पावडर लावून दाखवली, हिला आवडली, घेऊन आली. आता तू सांग, तळहाताचा रंग आणि तोंडाचा रंग कुणाचा एक असतो? दुसऱ्या दिवशी बालवाडीतला एक पोरगा म्हणाला, "बाई, भाकऱ्या करून आलात? तोंडाला पीठ लागलंय." रडत घरी आली.

मग मी तिला शिकवलं. लग्नाआधी मी बोर्डीला पार्लरमध्ये झाडू मारायला होते, तेव्हा बघून बघून शिकले. तूच नाही का मला भिंत सारवायला शिकवताना म्हणायचीस, ओल्या भिंतीवर रंग ठरवू नये, सुकू द्यावी, दार उघडावं आणि उन्हात बघावी? तोंडाचंही तसंच. जबड्यापाशी, जिथं गाल संपून मान सुरू होते तिथं बोटभर लावायचं, बाहेर उन्हात यायचं, थोडं थांबायचं. दिसेनासं झालं तर ते आपलं. दिसलं तर ते दुसऱ्या कुणाचं.

आता ती गव्हाळ-तांबूस पावडर लावते, तीही चिमूटभर. ओठाला विटकरी. काजळ तेवढं तुझ्यासारखं भरून. कोणी बघणारा नाही वहिनी, मी आहे ना बघायला.

देवीचं म्हणतेस ते ती रोज करते. आंघोळ झाली की देवापुढं बसते, पाठ फिरवून लावते, हात जोडते. मी त्या वेळी मध्ये जात नाही. अंगारा लावताना कुणी टोकू नये.

हल्ली तिला ऊन लागतं, म्हणून छत्री घेऊन दिलीय.

तुझी,
संगीता

---

डोंगरीपाडा
३ जानेवारी २०१८

चि. सौ. संगीतास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. गोड आहे. एवढं गोड की त्यात काहीतरी कडू घातलंय असं वाटतं.

पहिलं, ऊन कधीपासून लागायला लागलं? माझ्या पोरीनं आठव्या वर्षापासून लावणी केलीय. मे महिन्याच्या उन्हात गुरं राखलीत. आणि डिसेंबरात डहाणूला छत्री?

दुसरं, तू जे जबड्याचं, उन्हाचं, विटकरीचं लिहिलंस ते चांगलं आहे. पण एवढा अभ्यास माणूस कशासाठी करतो? मी भिंत सारवते ती भेगा बुजवायला. पोरीच्या तोंडावर बुजवायचं काय आहे?

तिसरं, बायजी परवा पुन्हा आली. म्हणते, हर्षदा तिला बघून दुकानाच्या आड झाली. माझी पोरगी बायजीला बघून आड होते? बायजीनं तिला अंगावर खेळवलंय. तोंड चुकवणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं.

संक्रांतीला पाठव. तीळ निवडून ठेवलेत. गूळ तू आणू नकोस, तुमच्याकडे महाग मिळतो.

आणि अंगारा कसला? मी अंगारा दिलेला नाही. पण ते असो, पोरगी आली की मीच विचारेन.

निलम आरशासमोरून हलत नाही. थोरलीचं बघून धाकटी. आरसा काढून माळ्यावर टाकलाय.

सोमी

---

डहाणू
१६ जानेवारी २०१८

ती. वहिनीस सा. न.

संक्रांतीला पाठवता आलं नाही. कोसबाडला तिच्या पाठाची तयारी चालू आहे. पोरांसाठी चिंध्यांची बाहुली, काकडीची होडी, असलं काय काय करावं लागतं. एप्रिलात प्रात्यक्षिक परीक्षा. ती झाली की कागद हातात येतो, आपल्याच पाड्यावर बालवाडी मिळेल असं तिच्या बाई म्हणतात. तिच्या मनात तेवढंच आहे. डोळ्यांसमोर दुसरं कोणी नाही, मी माझ्या पोराची शपथ घेऊन लिहिते.

ती आड झाली असेल तर बायजीच्या तोंडाला घाबरून. आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी "काय गं सोंगाडे" म्हणून हाक मारते ती.

तू विचारलंस, बुजवायचं काय आहे. वहिनी, या वयात पोरींना पुटकुळ्या येतातच. आल्यात थोड्या. म्हणून मी तिला सांगितलंय, पावडर गालावर घासायची नाही, कापसानं टेकवायची. संध्याकाळी घरी आलं की आधी तोंड धुवायचं, मग चहा. रंगवलेल्या तोंडानं झोपायचं नाही. एवढंच. तू मनाला लावून घेऊ नकोस.

अंगारा नाही तर काय दिलं होतंस? ती विचारल्यावर "आईनं दिलंय, देवीचं आहे" एवढंच म्हणते.

संगीता

---

डोंगरीपाडा
२ फेब्रुवारी २०१८

संगीता,

बायजीनं हर्षदाला दवाखान्याच्या पायऱ्यांवर पाहिलं. तूही होतीस. तिनं ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळली होती आणि तू तिचा हात धरून तिला खाली उतरवत होतीस. बायजी विहिरीवर सगळ्यांसमोर बोलली नाही. तिनं मला बाजूला घेतलं, पदर तोंडाला लावला आणि हळू आवाजात सांगितलं. बायजी हळू बोलते तेव्हा काय समजायचं ते या पाड्यावर लहान पोरालाही माहीत आहे.

मी बाईमाणूस आहे, तूही आहेस. सरळ विचारते. पोरीचं महिन्याच्या महिन्याला ठीक आहे ना? पुटकुळ्यांसाठी कुणी कुणाचा हात धरून पायऱ्या उतरवत नाही.

तुझ्या दादांना अजून बोलले नाही. ते बोलणार नाहीत, नुसते बसून राहतील, ते मला बघवणार नाही.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं येते. तिचं सामान बांधून ठेव. परीक्षा राहू दे. जे झालंय ते घरात निस्तरू. ज्याचं नाव असेल ते चिठ्ठीवर लिहून ठेव, मला तोंडानं ऐकायचं नाही.

देवीपुढं एवढं डोकं टेकलं, त्याचं हे फळ.

सोमी

---

डहाणू
४ फेब्रुवारी २०१८

ती. आईस,

हर्षदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आत्या लिहायला बसली होती, मी तिच्या हातातून कागद घेतला. आई, तू समजतेस तसं काही नाही. कोणी मुलगा नाही. महिन्याच्या महिन्याला सगळं ठीक आहे. मी दवाखान्यात गेले ते तोंडासाठी.

दिवाळीत तू दिलेली गुलाबी झाकणाची डबी मी रोज लावत होते. पहिले पंधरा दिवस खरंच उजळले. मैत्रिणी विचारायला लागल्या, काय लावतेस? मग गाल लाल व्हायला लागले. उन्हात गेलं की मिरची चोळल्यासारखं व्हायचं. पुटकुळ्या आल्या, ओठाच्या कडेला कातडी पातळ झाली, आतल्या शिरा दिसायला लागल्या. एक दिवस लावलं नाही तर जास्तच पेटायचं, म्हणून पुन्हा लावायची. ते झाकायला ती पांढरी पावडर आणली होती. तळहाताला लावून बघितली हे खरं आहे, पण गालाला लावून बघायची सोय नव्हती. हात लावला तरी झोंबायचं.

तू म्हणशील, मग टाकून का दिलं नाहीस? कसं टाकू? तू ती देवीपुढं नऊ दिवस ठेवली होतीस. तिच्यावर कुंकू होतं. तू म्हणालीस, प्रसाद आहे, अर्धा टाकू नये, संपवावा. मला वाटलं, माझ्याच मनात खोट असेल म्हणून देवीचं मला सोसत नाही. मी आणखी श्रद्धेनं लावायला लागले.

बुधवारी बालवाडीत एका पोरीनं लाडानं माझ्या गालावर गाल ठेवला आणि मी ओरडले. ती घाबरून रडायला लागली. त्या दिवशी आत्याला सगळं सांगितलं. पेटीत तांबड्या फडक्यात बांधलेली डबी काढून दाखवली.

डॉक्टरांनी डबी उलटीसुलटी करून बघितली. ना नाव, ना गाव, ना औषधाचं नाव, नुसतं बाईचं चित्र. म्हणाले, असल्या डब्यांत कडक औषध मिसळतात, आधी उजळतं, मग कातडं खातं. लावायची बंद केलीय. साधं मलम दिलंय. दीड महिना पावडर, लाली काहीच नको म्हणाले. आता मी उघड्या तोंडानं जाते. पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं, "बाई, दुखतंय का?" मी हो म्हटलं. त्यांनी लांबून फुंकर घातली.

आई, मला न्यायला येऊ नकोस. बघायला ये.

तुझी,
हर्षदा

(वहिनी, यात माझीही चूक आहे. मी तिला झाकायला शिकवलं, आधी काय झालंय ते विचारलं नाही. मला वाटलं तू अंगाऱ्याचंच म्हणतेस. तुला लाल गालांचं कळवलं असतं तर तू तिला घरी नेशील, याची भीती होती. ती डबी अजून इथंच आहे. देवीपुढची वस्तू आम्ही टाकायची कशी? तू सांगशील तसं करते. — संगीता)

---

डहाणू
२० फेब्रुवारी २०१८

ती. वहिनीस सा. न.

तू मंगळवारी आली नाहीस. त्यानंतरचाही मंगळवार गेला. बायजीला विचारलं तर म्हणते, "सोमी दारात दिसत नाही, विहिरीवर येते ती तोंड शिवून." माझ्यावर रागावली असशील तर रागाव, पण चार ओळी लिही. हर्षदा रोज एसटीच्या वेळेला दाराकडे बघते.

संगीता

---

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

डोंगरीपाडा
८ मार्च २०१८

चि. सौ. संगीतास अनेक आशीर्वाद.

परवाच आपली डहाणूत भेट झाली, तरी लिहिते. तिथं दवाखान्यात गर्दी होती, आणि मला रडताना बोलता येत नाही.

हर्षदाचं पत्र आलं तेव्हा मी ते घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवलं. माझा विश्वास बसला नाही. वाटलं, दोघींनी मिळून डबीवर ढकललं, म्हणून रागानं आलेच नाही. विकणारी बाई दारात येऊन, पाणी पिऊन, माझ्या चुलीपुढं बसून ती देऊन गेली होती. एकावर एक फुकट दिली होती. दुसरी मी देवीच्या तसबिरीमागं जपून ठेवली होती, निलमसाठी, तिच्या वेळेला कामी येईल म्हणून.

तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा ती काढून बघावी म्हटलं. हातात घेतली तर हलकी लागली. उघडली तर तळ दिसत होता.

संगी, मी दोन महिने डहाणूवर डोळा लावून बसले होते. तिथं कोण कुणाला बघून आड होतं, कोण कुणाचा हात धरतं, सगळं मला इथून दिसत होतं. आणि चुलीपाशी बसून "तोंड भाजतं" म्हणणारी पोरगी मला दिसली नाही. तिचा आरसा काढून मी माळ्यावर टाकला.

निलमला हाताला धरून अंगणात आणलं, उन्हात उभी केली, हनुवटी वर केली. जबड्यापाशी, तू लिहिलंस तिथंच, रंगाची सरळ रेघ होती. वर लाल, खाली माझी पोरगी. तिला विचारलं, "कधीपासून?" म्हणते, "ताईला दिलंस, मला नाही दिलंस. मी पण काळीच आहे ना?"

तिच्या लाल गालांपेक्षा ते जास्त लागलं.

डबी टाकायची माझीही हिंमत होईना. म्हणून बुधीबाईकडे गेले. तुला माहीत आहे, आपल्याकडे लग्न लागतं ते त्या म्हातारीच्या गाण्यावर, देवाधर्माचं तिला विचारल्याशिवाय पान हलत नाही. तिला सगळं सांगितलं. ती पान चघळत म्हणाली, "सोमे, देवीपुढं विंचू आला तर कुंकू लावतेस का त्याला?" मी म्हटलं, नाही. "मग? देवीपुढं बसला म्हणून विंचू काय प्रसाद होतो? देवीनं पोरीचं तोंड लाल करून तुला नऊदा सांगितलं, आणखी कसं सांगेल? पत्र लिहील?"

होळीला रानशेतची मंडळी आली होती. मी म्हटलं, पोरगी परीक्षेनंतर भेटेल. त्यांची बाई म्हणाली, "काही उजळली का?" तुझे दादा, जे कधी बोलत नाहीत, ते म्हणाले, "उजळायला ती काय भांडं आहे?" मंडळी चहा न संपवता उठली. तो चहा मी फेकला नाही, मीच प्यायले.

मग होळीनंतर निलमला घेऊन तुमच्याकडे आले, पुढचं तुला माहीत आहे. तू औषधाच्या रांगेत होतीस तेव्हाचं मात्र माहीत नसेल. मी निलमला ओढणी गुंडाळून त्याच पायऱ्यांवर बसवलं होतं. समोर टोपली घेऊन कोण उभी? बायजी. तिनं निलमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिचा आवाज हळू झाला. "सोमी, धाकटीचं पण?"

क्षणभर वाटलं ओढणी आणखी घट्ट करावी. मग मीच ती सोडली. निलमचं तोंड उन्हाकडे फिरवलं. "नीट बघ बायजी. गोरं करायच्या डबीनं झालंय. दोन्ही पोरींचं. मी दिली, देवीपुढं ठेवून दिली. जा, विहिरीवर सांग. मोठ्यानं सांग. आत्तापर्यंत न सांगायचं सगळं सांगितलंस, आता सांगायचं सांग."

बायजी बसलीच पायरीवर. म्हणते, "अगं, आमची सून पण पदर पुढं ओढून असते गं हल्ली."

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. अंगणात तीन बायका उभ्या. एकीच्या हातात डबी, एकीच्या कमरेला खोचलेली, तिसरी नुसती निलमच्या तोंडाकडे बघत होती. तिघींना एकेक करून उन्हात उभं केलं. काल आणखी दोन आल्या. त्यात बायजीची सून. बुधीबाईनं पाड्याबाहेर खड्डा खणायला लावला, ओढ्यापासून लांब, पाणी जाणार नाही असा. डब्या त्यात पुरल्या. तुझ्याकडची तशीच पूर. कुंकू आधी पुसून घे, ते देवीचं आहे.

हर्षदाला सांग, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा तिनं परीक्षेला काजळ भरून जावं. पावडर लावायची तर लावावी, न लावायची तर नाही. विटकरी लाली मात्र माझ्यासाठी बघून ठेव, चैत्रात गडावर देवीला जाईन तेव्हा लावेन म्हणते. दुकानात घेऊ नकोस. मी येईन, दाराबाहेर उन्हात उभी राहीन, हर्षदा बघेल. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण रंग मी आता डोळ्यांनी बघूनच घेणार.

ती विकणारी बाई बाजाराच्या दिवशी पुन्हा येईल असं वाटतं. मी पाड्याच्या तोंडाशी पेंढ्यावर बसून वाट बघते. बायजी पण बसते, तिच्यासारखी नजर कुणाची नाही.

आरसा माळ्यावरून काढून दाराबाहेर लावलाय.

तुझी,
सोमीवहिनी